कुणब्याचें समुद्रगमन

समुद्रगमनानें हिंदु मनुष्य भ्रष्ट होतो कीं नाहीं, या वादावर एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या शास्त्रीपंडितांनीं पुष्कळ शाई खर्चिली. विलायतेहून परतलेल्या पदवीधरास प्रायश्चित्त कोणतें, याचा खल चालला असतां रत्नागिरी-सातारकडचे कुणबी-मराठे मुंबई बंदरांतून शिडाच्या जहाजांनीं मॉरिशसला केव्हांच गेले होते. त्यांस प्रायश्चित्त सांगावयास कोणी शास्त्री गेला नाहीं आणि त्यांचें गाऱ्हाणें ऐकावयास आम्ही सुधारकहि गेलों नाहीं!

मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी १८३५ पासून गुलामगिरी कायद्यानें उठली. भरपाई मिळाली ती मळेवाल्यांस; गुलामांस दिडकीहि नाहीं. मग उंसाच्या मळ्यांस हात हवे, ते हिंदुस्थानांतून नेले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारें साडेचार लाख लोक गेले. त्यांत मराठी भाषा बोलणारे थोडे, पण ते आमचे.

१८४७ च्या दुष्काळांत आयर्लंडचे लोकहि अशाच जहाजांतून अटलांटिक ओलांडीत होते. त्यांचे हाल कमी नव्हते. कॅनडांतील ग्रोस ईल बेटावर त्या एका वर्षीं पांच हजारांवर माणसें पुरलीं गेलीं. परंतु जो जिवंत उतरला तो मोकळा उतरला. आमचा कुणबी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरला तो करारानें बांधलेला. महिना पांच रुपये व शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. करार मोडल्यास दिवाणी दावा नव्हे, तुरुंग! ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें न पाहिलेल्या देशांतील अटींवर उठविलेल्या अंगठ्यास संमति म्हणावयाचें, तर आमच्या कायद्याच्या पुस्तकांतील त्या शब्दास अर्थ काय उरला? नाताळ-फिजीकडे अॅग्रीमेंटचें 'गिरमिट' झालें. सुताराचें गिरमिट लांकडास भोंक पाडतें. हें माणसास पाडी.

४ मार्च १९१२ रोजीं पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत ही पद्धति समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. मॉरिशसची भरती तोंवर थांबली होती. फिजी, त्रिनिदाद इकडे चालूच होती. सरकारी मतांच्या जोरावर ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनीं पडला. भरती थांबली १९१७ सालीं. गोखले १९१५ मध्येंच वारले होते.

आज मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थीस सरकारी सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवितात. पोर्ट लुईचा तो धक्का २००६ पासून जागतिक वारसा आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत या मजुरांचीं दफ्तरें जपलेलीं आहेत. त्यांच्या नकला पुण्यांत आणविण्यास तरी शास्त्राधार शोधावा लागणार नाहीं.