विश्लेषण : युरोपात रिव्हर क्रूझ… आधी नदी निवडा, मग जहाज!

सामान एकदाच उघडायचे, रोज नव्या शहरात जाग यायची, विमानतळाची धावपळ नाही आणि हॉटेल बदलण्याचा त्रास नाही. या आकर्षणामुळे निवांत सुट्टी हवी असणाऱ्यांना, विशेषतः निवृत्त दाम्पत्यांना, युरोपातील नदीसफर खुणावते. मात्र माहितीपत्रकात छायाचित्रे असतात जहाजाची आणि सफर कशी होईल हे ठरवते नदी. पाणी फार उतरले किंवा फार चढले, तर हीच सफर बसप्रवासात बदलू शकते. काही लाख रुपये भरण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी…

समुद्रातील क्रूझपेक्षा वेगळे काय?

समुद्रातील मोठ्या जहाजावर हजारो प्रवासी असतात, तर नदीतील जहाजावर साधारण शंभर ते दोनशे. याचे कारण जलपाश, म्हणजेच ‘लॉक’. नदीच्या पात्रातील पायऱ्यांवरून जहाजाला वर चढवणारी किंवा खाली उतरवणारी ही दारबंद हौद्यांची व्यवस्था. माइन नदी आणि ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यावरील जलपाश १२ मीटर रुंद आहेत. त्यामुळे या मार्गावरील जहाजे जेमतेम साडेअकरा मीटर रुंद आणि जास्तीत जास्त १३५ मीटर लांब असतात. त्यांवर नाट्यगृह किंवा कॅसिनोची अपेक्षा ठेवू नये. त्याऐवजी जहाज बहुतेक ठिकाणी जुन्या शहराच्या अगदी जवळ लागते, दोन्ही काठ दिसत राहतात आणि लाटांमुळे मळमळण्याची भीती जवळपास नसते.

कोणती नदी कोणासाठी?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी डॅन्यूब सर्वात सोयीची. जर्मनीतील पासाऊपासून हंगेरीतील बुडापेस्टपर्यंत नदीमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर अंतर आहे. वाटेत व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि द्राक्षमळ्यांचे वाखाउ खोरे लागते. किल्ले पाहायचे असतील, तर ऱ्हाइन. बिंगेन ते कोब्लेंझ हा तिचा सुमारे ६५ किलोमीटरचा टप्पा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पॅरिस आणि नॉर्मंडी एकत्र हवे असल्यास सीन, प्रोव्हान्ससाठी ऱ्होन. खऱ्या अर्थाने संथ सफर हवी असेल, तर पोर्तुगालमधील डोरो. तिथे जहाजे रात्री चालत नाहीत, त्यामुळे डोंगरउतारावरील द्राक्षमळ्यांचा देखावा झोपेत निसटत नाही. पोर्तुगालमधील पात्रात पाच धरणे आणि पाच जलपाश आहेत. त्यांपैकी काऱापातेलो येथील जलपाश जहाजाला सुमारे ३५ मीटर उचलतो.

पाण्याची पातळी एवढी महत्त्वाची का?

ऱ्हाइनवरील काउब हे छोटे गाव मालवाहू बोटींपासून क्रूझपर्यंत सर्वांसाठी कळीचे ठिकाण आहे. इथे पात्र उथळ आणि खडकाळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबची मोजपट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली. ऑगस्ट २०२२ मध्येही ती ४० सेंटिमीटरच्या खाली गेली होती. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजांच्या मार्गात पाणी त्याहून एक मीटरपेक्षा थोडे जास्त असते. तरीही एवढ्या पाण्यात प्रवासी जहाजे अडकू शकतात. इफेत्सहाइमच्या खाली ऱ्हाइनच्या मुख्य प्रवाहावर जलपाश नाहीत, म्हणजे पाणी अडवून पातळी राखण्याची सोयही नाही.

डॅन्यूबवर बरीच धरणे असल्याने स्थिती बरी असते. पण बव्हेरियातील श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा टप्पा मुक्त वाहता आहे आणि दुष्काळात तोच आधी अडवतो. पासाऊ हे या टप्प्याच्या खाली आहे. त्यामुळे पासाऊहून सुरू होणारी सफर न्यूरेंबर्गहून निघणाऱ्या सफरीपेक्षा कमी जोखमीची ठरते. ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट ही दोन आठवड्यांची लोकप्रिय सफर मात्र काउब आणि श्ट्राउबिंग या दोन्ही अडचणींच्या जागांवरून जाते. एका सफरीत दोन नद्या म्हणजे जोखीमही दोन्हींची.

अति पाण्याचाही त्रास होतो. जून २०१३ मध्ये पासाऊत डॅन्यूबने पाच शतकांतील उच्चांक गाठला. नदी चढली की जहाज पुलाखालून जाऊ शकत नाही आणि धोक्याच्या पातळीनंतर जलवाहतूकच थांबवली जाते.

मग कोणता महिना निवडावा?

मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. ट्यूलिप पाहायचे असल्यास एप्रिल, नाताळचा बाजार पाहायचा असल्यास नोव्हेंबरअखेर ते २३ डिसेंबरच्या आसपास. ऱ्हाइनवर कमी पाण्याची शक्यता उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत अधिक असते. मे आणि जूनमध्ये आल्प्समधील वितळलेल्या बर्फाचे पाणी मिळते, दिवसही मोठे असतात. मात्र डॅन्यूबच्या पुराचा धोका तेव्हा नाकारता येत नाही. डोरोच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो, त्यामुळे तिथे मे किंवा सप्टेंबर बरा.

केबिन आणि चालणे…

सर्वात खालच्या मजल्यावरील केबिन स्वस्त असते, पण तिची खिडकी उंचावर, लहान आणि बहुधा न उघडणारी असते. अनेक जहाजांची लिफ्ट या मजल्यापर्यंत येतच नाही. ‘फ्रेंच बाल्कनी’ या नावालाही भुलू नये. ते केवळ कठडा लावलेले सरकते दार असते, खुर्ची टाकायला जागा नसते. गर्दीच्या धक्क्यांवर जहाजे एकमेकांना खेटून लागतात. तेव्हा महागड्या बाल्कनीतूनही शेजारच्या जहाजाची भिंतच दिसते आणि काठावर जायला दुसऱ्या जहाजातून वाट काढावी लागते. शिवाय जुन्या शहरांतील रस्ते दगडी फरशांचे, चढउतारांचे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी संथ गतीने चालणारा गट आहे का, हे आधीच विचारावे.

खर्च आणि व्हिसाचे काय?

दोन सफरींच्या केवळ तिकिटांची तुलना फसवी ठरते. विमानभाडे, बंदर शुल्क, सहली, पेये, टिप आणि एकट्याने प्रवास केल्यास लागणारा अधिभार मिळवून दिवसाचा खर्च काढावा. भारतातून परदेशी सहलीचे पॅकेज घेताना कापला जाणारा टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल, तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. डॅन्यूबच्या खालच्या टप्प्यात जहाज बेलग्रेडला थांबत असेल, तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. तिथून पुन्हा शेंगेन देशात शिरायचे असल्याने एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

पाण्यामुळे मार्ग बदलल्यास कंपनी काय करते, हा पहिला प्रश्न. नदीच्या अडलेल्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना दोन जहाजे ठेवून प्रवाशांना मधल्या अंतरापुरते बसने नेण्याची पद्धत काही कंपन्या वापरतात. काही ठिकाणी जहाजाचे तरंगते हॉटेल होते आणि रोज बसमधून फिरावे लागते. बहुतेक करारांत अशा बदलासाठी भरपाई न देण्याची मुभा कंपनीने राखलेली असते. त्यामुळे हे कलम आणि विम्यातील ‘प्रवासात बदल’ हे कलम शेजारी ठेवून वाचावे. दुसरा प्रश्न : वाखाउ किंवा ऱ्हाइनचे किल्ले दिवसा दिसणार की जहाज तिथून रात्री जाणार? तिसरा : शाकाहारी जेवण रोज मिळेल का आणि त्यात उकडलेल्या भाज्यांपलीकडे काय असेल? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली, तर निवांत सुट्टी निवांत राहण्याची शक्यता वाढते.