विजय बारसे

विजय बारसे हे नागपूर येथील निवृत्त क्रीडाशिक्षक आणि 'स्लम सॉकर' या उपक्रमाचे संस्थापक आहेत. झोपडपट्टीतील, विशेषतः शाळा सुटलेल्या, व्यसनांच्या किंवा गुन्हेगारीच्या वाटेवर असलेल्या मुलांना फुटबॉलच्या माध्यमातून एकत्र आणण्याचे काम त्यांनी २००१ साली सुरू केले. 'क्रीडा विकास संस्था, नागपूर' या संस्थेमार्फत हे काम चालते. नागराज मंजुळे दिग्दर्शित 'झुंड' (२०२२) या हिंदी चित्रपटातील मुख्य व्यक्तिरेखा त्यांच्यावर बेतलेली आहे.

सुरुवात

बारसे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. १८८३ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय शहरातील जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. २००१च्या पावसाळ्यात, भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत असल्याचे त्यांनी पाहिले. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल आणून दिला. खेळ सुरू असेपर्यंत ही मुले भांडण, जुगार आणि नशा यांपासून दूर राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. पुढच्या सर्व कामाचा पाया हे साधे निरीक्षण आहे.

नागपूर परिसराला फुटबॉल नवा नव्हता. कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या संघांमुळे या खेळाला येथे जुनी परंपरा आहे. मात्र क्लबच्या संघापर्यंत पोहोचण्यासाठी बूट, गणवेश, ओळख आणि नियमित सराव लागतो. शहराच्या लोकसंख्येचा सुमारे एक-तृतीयांश भाग झोपडपट्ट्यांत राहत असूनही तेथील मुले या परंपरेच्या कडेलाच होती. बारसे यांनी त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा भरवली आणि तिला आडपडदा न ठेवता 'झोपडपट्टी फुटबॉल' असे नाव दिले. पहिल्याच स्पर्धेत १२८ संघ उतरले. ज्या शब्दाने एरवी या मुलांना हिणवले जाई, तोच शब्द संघाच्या नावाशी जोडणे अनेकांना खटकले. तरीही पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीपर्यंत स्पर्धा वाढत गेल्या.

निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून बारसे यांनी शहराबाहेर बोखारा येथे प्रशिक्षण केंद्रासाठी जमीन घेतली. अमेरिकेत असलेले त्यांचे पुत्र अभिजित बारसे भारतात परतून या कामात सामील झाले. त्यानंतर संस्थेचे काम नागपूरबाहेर, इतर राज्यांतही पसरले.

पोलीस ठाण्याआधीची जागा

कायद्याशी संघर्षात आलेल्या अल्पवयीन मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये स्वतंत्र व्यवस्था आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. ताब्यात घेतलेल्या मुलाला बेडी घालता येत नाही, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. ही तरतूद मुलाला संरक्षण देते. मात्र प्रत्यक्ष गुन्हा किंवा निदान संशय निर्माण झाल्यावरच ती लागू होते. बारसे यांचे काम त्याआधीच्या टप्प्यावरचे आहे. मैदानावर येणाऱ्या मुलाचा पूर्वेतिहास विचारला जात नाही. वेळेवर येणे, संघात राहणे आणि हरल्यावर हात न उगारणे एवढ्याच अटी असतात. वाटतात त्याहून त्या कठीण आहेत, आणि त्या न पाळता मध्येच निघून जाणारी मुलेही असतात.

यातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण नागपूरच्याच एका तरुणाचे आहे. लहान वयात गुन्हेगारीकडे वळलेला आणि पोलिसांपासून लपत फिरणारा हा मुलगा झोपडपट्टी फुटबॉलच्या मैदानावर आला आणि तेथेच टिकला. २०१० साली रिओ दि जानेरो येथे झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात (होमलेस वर्ल्ड कप) त्याने भारतीय संघाचे नेतृत्व केले. पुढे तो स्वतः प्रशिक्षक झाला. २०१४ साली 'सत्यमेव जयते' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्याची कहाणी देशभर पोहोचली.

बेघरांचा विश्वचषक

ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात प्रथम भरली. भारतीय संघाची निवड आणि तयारी स्लम सॉकरकडे असते. प्रत्येक बाजूने गोलरक्षकासह चार खेळाडू, लहानसे मैदान आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव असे तिचे स्वरूप आहे. खेळाडूचे वय किमान सोळा वर्षे असावे लागते. तिचा सर्वांत वेगळा नियम असा की, कोणत्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात भाग घेता येतो. त्यामुळे गुणी खेळाडूला पुन्हापुन्हा पाठवून संघ बलाढ्य करणे शक्य नसते. परदेशातून परत आलेल्या मुलाचा प्रश्न मात्र उरतोच: वस्ती तीच, घर तेच आणि जुने सोबतीही तेच. यावर स्लम सॉकरचा भर खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून तयार करण्यावर राहिला आहे. एकेकाळी मैदानावर ओढून आणावा लागलेला मुलगा नव्या मुलांना गोळा करू लागतो आणि मुले त्याचे ऐकतात, कारण तो त्यांच्याच गल्लीतला असतो.

मुलींचे संघ उभे करणे हे काम मुलांच्या संघांहून अवघड ठरले. घरची कामे, लहान भावंडे आणि लोक काय म्हणतील ही धास्ती यांमुळे मुलींना मैदानावर पाठवण्यासाठी पालकांची समजूत घालावी लागे. संस्थेच्या कार्यक्रमांत फुटबॉलच्या जोडीने आरोग्य आणि जीवनकौशल्यांचे धडेही दिले जातात.

सन्मान आणि चित्रपट

२०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला.

'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ बच्चन यांनी विजय बोराडे या क्रीडाशिक्षकाची भूमिका केली असून संगीत अजय-अतुल यांचे आहे. एका खेळाडूच्या जीवनकथेच्या हक्कांवरून प्रदर्शनापूर्वी न्यायालयीन वादही झाला. चित्रपटात घटना व पात्रे बदललेली असल्याने तो चरित्रपट म्हणून पाहता येत नाही. झोपडपट्टीतील खेळाडूंच्या भूमिकांसाठी मंजुळे यांनी नामवंत नटांऐवजी नागपूरच्या वस्त्यांमधील, पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली मुले निवडली होती.