भाव सगळ्यांच्या कानांवर पडतो तेव्हा

ओक्लाहोमा सिटीत राहणाऱ्या मराठी माणसाला इथला गुरांचा बाजार बहुधा वाऱ्याबरोबर येणाऱ्या वासावरूनच माहीत असतो. ओक्लाहोमा नॅशनल स्टॉकयार्ड्स हे त्याचं नाव. 1910 पासून तो भरतोय, आणि पुढे वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गुरांचा जगातला सर्वांत मोठा बाजार अशी त्याची ख्याती आहे. सोमवारचा लिलाव कुणालाही बसून पाहता येतो. ज्यांनी सांगोल्याचा रविवारचा बाजार पाहिलाय, त्यांनी तर तो एकदा पाहावाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इथली गुरं मांसासाठी पाळलेली असतात. ज्यांना हे वाचवणार नाही, त्यांचं मन मी समजू शकतो. मला इथे लिहायचंय ते भावाबद्दल. तो कसा ठरतो, कोण ठरवतं आणि शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काय उरतं, याबद्दल.

पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर माणसं बसलेली असतात, समोर लोखंडी कठड्यांचं रिंगण. एका दारातून वासरं आत येतात. फलकावर नगांची संख्या, एकूण वजन आणि सरासरी वजन झळकतं. लिलाव पुकारणारा इतक्या वेगानं बोलतो की पहिल्यांदा ते गाणंच वाटतं. कान सरावला की कळतं, त्यात दोनच आकडे आहेत: हातात आलेली बोली आणि आता मागतोय ती. मधले शब्द नुसते ताल धरायला. खरेदीदार फारसे हात वर करत नाहीत. कुणाची मान किंचित हलते, कुणी एक बोट उचलतो. मिनिटभरात सौदा होतो आणि वासरं दुसऱ्या दारानं बाहेर.

त्या मिनिटात एका घराची वर्षाची मिळकत ठरलेली असते. गाय वर्षाला एक वासरू देते, ते सात-आठ महिन्यांचं झालं की विकायचं. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांकडे तीसेक गाई आहेत. विक्रीच्या दिवशी सकाळी घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, असं तो सांगतो. कारण हिशेबात आहे. भाव शंभर पौंडांवर, म्हणजे साधारण 45 किलोंवर बोलतात. 500 पौंडांच्या वासराला 300 डॉलरचा भाव मिळाला तर 1500 डॉलर. तोच भाव 290 वर थांबला, तर वासरामागे 50 डॉलर गेले. वीस वासरं असतील तर हजार डॉलर, तेही कुणाची तरी मान एकदा कमी हलली म्हणून!

आपल्याकडच्या बाजारात बैल घेणारा दात पाहतो, दोन दाती की चौसा की जुळलेला. खांदा पाहतो, भोवरे मोजतो, चालवून बघतो. जनावर उद्यापासून आपल्या दावणीला असणार आणि आपल्या रानात राबणार, म्हणून ही पारख. इथे जनावर एकेकटं क्वचितच बघितलं जातं. वजन, रंग, एकसारखेपणा यांवर नजर असते. समोरच्या ठरलेल्या खुर्च्यांवर बसलेले बरेचसे खरेदीदार दुसऱ्यांसाठी घेत असतात. टेक्सास किंवा कॅन्ससमधल्या मोठ्या गोठ्यांकडे त्यांना ट्रक भरून माल पाठवायचा असतो, एका ट्रकमध्ये साधारण 50,000 पौंड. त्यामुळे एकाच मापाची पन्नास-साठ वासरं आली तर चढाओढ होते, आणि कुणाची वेगवेगळ्या रंगांची चारच वासरं आली तर बोली लवकर विझते. शिंगं असली तर भाव कमी, गोऱ्हा खच्ची केलेला नसला तरी कमी. लसी झालेल्या आणि आईपासून तोडून 45 दिवस झालेल्या वासराला मात्र चार पैसे जास्त.

मोठा फरक आहे तो भाव बोलण्याच्या पद्धतीत. आपल्याकडे हेडी आणि मालक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. त्यात मालकाची सोयही असते. एकाला कितीपर्यंत उतरलो हे दुसऱ्याला कळत नाही. पण रोज बाजार करणाऱ्या हेड्याला दहा सौद्यांचे आकडे माहीत असतात, आणि वर्षातून एकदा आलेल्या शेतकऱ्याला फक्त स्वतःचा. ओक्लाहोमात आकडा सगळ्यांसमोर पुकारला जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याचे वार्ताहर अशा बाजारांतले भाव टिपून प्रसिद्ध करतात. घरी बसलेल्या शेतकऱ्यालाही ते वाचता येतात.

हा उघडेपणा आपोआप आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी पाच बड्या मांस कंपन्यांनी बाजार मुठीत धरल्याचं सरकारी चौकशीत पुढे आलं आणि 1921 मध्ये पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स हा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनुसार बाजाराचे काटे वर्षातून दोनदा तपासून घ्यावे लागतात. विक्रेत्यांचे पैसे बाजाराला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. एरवी लेखी करार नसेल तर खरेदीदाराला पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत पैसे चुकते करावे लागतात. विसार देऊन ‘पुढच्या बाजारी बाकीचे देतो’ म्हणणारा ज्यांनी पाहिलाय, त्यांना या शेवटच्या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

तरी सगळं आलबेल आहे असं नाही. बोली पटली नाही तर मालक नकार देऊ शकतो, पण वासरं परत न्यायची म्हणजे डिझेल, खर्च आणि प्रवासात घटलेलं वजन. शिवाय लिलाव उघडा असून उपयोग काय, बोलणारे दोनच असतील तर? वासरं अजून रिंगणात येतात, पण वाढून तयार झालेली बहुतेक जनावरं लिलावात येतच नाहीत, करारानंच जातात. त्यातली 80 टक्क्यांहून जास्त आज चारच कंपन्या घेतात. 1921 मध्ये पाच होत्या!

सध्या मात्र वासरांचा भाव तेजीत आहे. सलग दुष्काळानं गाई विकाव्या लागल्या आणि 2025 च्या सुरुवातीला देशातली गुरं 8 कोटी 67 लाखांवर आली, 1951 नंतरचा सर्वांत कमी आकडा. ज्यांच्याकडे गाई टिकल्या, त्यांच्या हातात पैसा आला. पण तोच पैसा गोठ्यात नवी कालवड बांधायची की जुनं कर्ज फेडायचं, यावर माझ्या सहकाऱ्याच्या घरी अजून एकमत नाही.

गावाकडच्या मंडळींना यातून एवढंच सांगावंसं वाटतं. बाजार अमेरिकेतला असो की माणदेशातला, जनावर घेऊन निघण्याआधी गेल्या बाजारात तसलंच जनावर कितीला गेलं, हे चार जणांना विचारा. आता हातात फोन आहे, आणि रुमालाखालचा आकडा विकणाऱ्यानं नंतर सांगू नये असा काही नियम नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला आपला भाव खरा सांगितला, तर अर्धा लिलाव उघडा झाल्यासारखाच आहे.