हात आमच्या पोरांचे, डोके कुणाचे?

धर्माच्या नावाने माणूस मारला जातो तेव्हा गुन्हेगार दोन असतात. एक पिस्तूल चालवतो, दुसरा ते चालवायला लावतो. पहिला आज ना उद्या पोलिसांच्या हाती लागतो. दुसरा मात्र पडद्याआड सुरक्षित राहतो. हे आम्ही रागाच्या भरात लिहीत नाही. न्यायालयाच्या निकालपत्रानेच तसे नोंदवून ठेवले आहे.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा गोळ्या घालून खून झाला. निकाल लागला 10 मे 2024 रोजी, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी! गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. आणि न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, या खुनाचे खरे सूत्रधार दुसरेच कुणी आहेत, त्यांच्यापर्यंत तपास यंत्रणा पोहोचू शकल्या नाहीत. हात सापडले, डोके सापडले नाही. या देशातील धर्मांध हिंसेचा सारा इतिहास या एका वाक्यात मावतो.

पुण्याची ही कथा, तर आमच्या कोल्हापूरची काय? 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून परतणाऱ्या ॲड. गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. 20 फेब्रुवारीला पानसरे गेले. कष्टकऱ्यांचे खटले लढणारा हा वकील. शिवाजी महाराज रयतेचे राजे होते, कुठल्या एका धर्माच्या फौजेचे सेनापती नव्हते, हे त्यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्याशा पुस्तकात साध्या भाषेत सांगितले. धर्माचे राजकारण करणाऱ्यांना तेच झोंबते. जाड ग्रंथांना ते भीत नाहीत; खेड्यातल्या पोराला समजेल अशा पुस्तकाला भितात! तपास आधी विशेष पथकाकडे, 2022 मध्ये दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. आरोप निश्चित व्हायलाच 2023 साल उजाडले. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तपासावरची देखरेख थांबवली, त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीन मिळाला. वर्षानुवर्षे खटला रेंगाळला तर जामीन मिळणारच, तो कायदा आहे. प्रश्न जामिनाचा नाही. खटला का रेंगाळला, हा आहे.

आम्ही मुरगूडला बसून हे लिहितो आहोत. आमच्या गावावरून जाणारा रस्ता निपाणीला जातो आणि तिथून महामार्गाने धारवाडला. त्या धारवाडात 30 ऑगस्ट 2015 रोजी प्रा. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. 5 सप्टेंबर 2017 रोजी बंगळुरात गौरी लंकेश यांना तशीच त्यांच्या घरासमोर. चौघांच्याही हातात लेखणीशिवाय दुसरे शस्त्र नव्हते.

कुणी म्हणेल, तुम्ही एकाच धर्माला झोडपता. तसे नाही. पानसरे गेल्यानंतर अवघ्या सहाच दिवसांनी, 26 फेब्रुवारी 2015 रोजी, ढाक्यात पुस्तकांच्या जत्रेतून बाहेर पडणाऱ्या अविजित रॉय या लेखकाला इस्लामी धर्मांधांनी कोयत्याने तोडले. देश वेगळा, धर्म वेगळा, शस्त्र वेगळे. पण गुन्हा तोच, प्रश्न विचारण्याचा! आणि आम्ही बौद्ध आहोत म्हणून आमचे हात आपोआप स्वच्छ ठरत नाहीत. 1959 मध्ये श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांना चीवर घातलेल्या इसमाने गोळ्या घातल्या होत्या. म्यानमारमध्ये रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवण्यात भिक्खूंचाच एक गट पुढे होता. चीवर अंगावर घेतल्याने हिंसेचा धम्म होत नाही. हे आम्ही बोललो नाही तर दुसऱ्यांना बोलण्याचा अधिकार आम्हाला राहत नाही.

अंगुलिमालाची कथा आपण विहारात नेहमी ऐकतो. दरोडेखोर सुधारला, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण अट्ठकथेतले त्याचे मूळ नाव अहिंसक होते, हे किती जण सांगतात? तक्षशिलेत शिकणारा तो हुशार, आज्ञाधारक विद्यार्थी. हजार बोटे आणून दे, अशी गुरुदक्षिणा त्याच्या गुरूने मागितली आणि तो निघाला. जंगलात रक्ताने माखला तो शिष्य. गुरू मात्र घरी शुचिर्भूत बसून राहिला! तथागतांनी शिष्याला थांबवले. आज कायद्याने गाठायचा आहे तो हा गुरू.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. 7 जून 2023 रोजी मोबाईलवरच्या स्टेटसचे निमित्त झाले आणि राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी जमाव गजापूरच्या मुसलमानवाडीत घुसला. मशिदीची मोडतोड झाली, घरे-वाहने फोडली गेली. वाद गडावरचा आणि मार खाल्ला पायथ्याच्या गरिबांनी! ज्या कागलच्या गहिनीनाथ गैबीपीराच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडतात, ज्या कागल जहागिरीतल्या माणगावात 1920 साली शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून देशापुढे उभे केले, त्याच मातीत हे घडले.

अशा दंगलीनंतर न्यायालयाच्या व्हरांड्यात कोण उभे असते, हे आम्ही वकील म्हणून पाहतो. ऊसतोड करणाऱ्याचा, हमालाचा, अल्पभूधारकाचा मुलगा असतो. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी धावणारा. एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो अडकतो. तारखांना येताना बापाची मजुरी बुडते, जामिनासाठी आईचे मणी-मंगळसूत्र गहाण पडते. ज्याने त्याच्या मोबाईलवर ते विष पाठवले, त्याचा मुलगा मात्र तेव्हा परदेशात शिकत असतो! बहुजन समाजातल्या आईबापांनो, धर्म तुमचा वापरला जातो आणि पोरगाही तुमचाच वापरला जातो, हे कधी ओळखणार?

या सगळ्याचे समर्थन एकाच वाक्यात होते: ‘आमच्या भावना दुखावल्या.’ हे वाक्य आंबेडकरी चळवळीला नवे नाही. महाराष्ट्र शासनाने 1987 मध्ये बाबासाहेबांचे ‘रिडल्स’ छापले तेव्हाही हेच म्हणत पुस्तकाविरुद्ध मोर्चे निघाले. आमच्या माणसांनी तेव्हा लाखोंच्या संख्येने मुंबईत उतरून शांततेने उत्तर दिले. बाबासाहेबांनी आयुष्यभर धर्माची कठोर चिकित्सा केली, मनुस्मृती जाळली. पण कुणा पुजाऱ्यावर हात उचलायला कधी सांगितले नाही. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने, हीच आमची रीत. भावना दुखावल्या तर न्यायालयाचे दार उघडे आहे. बंदूक उचलणारा भावनेचे नव्हे, सत्तेचे राजकारण करत असतो.

आणि संविधान काय सांगते? कलम 25 ने प्रत्येकाला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. कलम 51 क ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. धर्माधर्मांत वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली दखलपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, प्रार्थनास्थळात केल्यास पाच वर्षांपर्यंत. द्वेषमूलक भाषणांबाबत कुणी तक्रार केली नाही तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना दिला. म्हणजे डोक्यापर्यंत पोहोचण्याची वाट कायद्यात आहे. त्या वाटेने चालणारे पाय हवेत.

म्हणून चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. गावात विखारी सभा झाली तर घरी बसून शिव्या देऊ नका. तारीख, वेळ, वक्त्याचे नाव, शब्द लिहून काढा, चित्रफीत जपून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे जा, तिथेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात आले आहे. मुंबई लांब, ही सबब आता उरली नाही.

एक गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंसाठी. 2015 मध्ये पानसरे प्रकरणातील पहिल्या अटकेनंतर आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये, असा ठराव कोल्हापूरच्या वकिलांनी केला. संताप खरा होता. तरीही आम्ही म्हणू, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. तो त्याचा घटनादत्त अधिकार आहे. सुनावणी न करता शिक्षा देणे ही मारेकऱ्यांची पद्धत. आपण साक्षीपुरावा तपासून शिक्षा मागणारे. हा फरक पुसला गेला तर पानसऱ्यांना आपणही हरवले असे होईल.

फेब्रुवारी 2025 मध्ये पानसऱ्यांच्या खुनाला दहा वर्षे झाली, तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. दरवर्षी स्मृतिदिनाला हार घालून आपण घरी परतणार असू तर त्या पडद्याआडच्या डोक्याला तेवढेच हवे आहे. पोरांचे हात आपण मागे ओढायचे आणि कायद्याचा हात पुढे रेटायचा, ही दोन्ही कामे आपल्याच वाट्याला आली आहेत. जयभीम!