माकडताप आणि जवळचा दवाखाना

कामगार संघटनेच्या माणसाने रोगराईवर बोलण्याचे कारण काय, असे काही मंडळींनी विषय वाचून आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही; शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व सभांतून झाले. परंतु तापाने पडलेला मजूर आधी मालकाकडे रजा मागतो, मग दुकानदाराकडे उधारी मागतो आणि शेवटी आमच्याकडे येतो. त्यामुळे काही गोष्टी आम्हांला शिकाव्याच लागल्या.

२०१७ च्या मार्चमधली गोष्ट. बांद्याच्या बाजूला एका काजूबागेत बी वेचणाऱ्या एका बाईला संध्याकाळी एकाएकी हुडहुडी भरली. डोके फुटेल की काय असे दुखू लागले, कंबर धरली, ओकाऱ्या सुरू झाल्या. एका दवाखान्यात इंजेक्शन झाले, दुसऱ्यात सलाईन झाली, तिसऱ्यात मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही तपासले; दोन्ही निघाले नाहीत. चार दिवस गेले आणि गाठीचे पैसेही गेले. पाचव्या दिवशी आम्ही घरी गेलो आणि सहज विचारले, "वहिनी, बागेत मेलेले माकड दिसले होते काय?" ती म्हणाली, "होय तर, दादा. दोन वांदर मरान पडले होते. पण तां माका कोणी इचारूकच नाय."

तिन्ही डॉक्टर वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. दारात पन्नास रोगी बसलेले असले म्हणजे नाडी आणि जीभ पाहण्यापलीकडे वेळ कोणाला असतो? परंतु इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने आपल्या व्यवसायबंधूंना एक सूचना केली होती. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल त्यांत आणखी एक घाला: तू काम काय करतोस? तीनशे वर्षे होऊन गेली, तरी हा प्रश्न आमच्या मजुराला क्वचितच ऐकू येतो.

आता हा ताप म्हणजे काय ते पाहू. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि मागोमाग आसपासची माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधून काढला. डॉक्टर त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. कानडी मुलखात मंगन कायिले, आपल्याकडे माकडताप. नाव माकडाचे असले तरी माकड बिचारे आपल्यासारखेच रोगी. खरा वाहक गोचीड. रोगी माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. माणसाला चावते ते बहुधा गोचिडीचे अर्धवट वाढलेले पिल्लू. ते इतके बारीक असते की चावल्याचे कित्येकांना कळतही नाही. कोरड्या दिवसांत, डिसेंबरपासून मेपर्यंत, या पिल्लांचा सुकाळ असतो. काजूचा हंगामही नेमका त्याच दिवसांत येतो, आणि खाली पडलेले बोंड वेचायचे तर पाचोळ्यात बसावेच लागते. म्हणून २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ च्या जानेवारीत आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात हा रोग उघड झाला, तेव्हा रानात आणि बागेत राबणारी माणसेच पुढे सापडली. आपल्यापैकी ज्यांच्या बागा आहेत त्यांनी हे जरा मनावर घ्यावे. बाग आपली असते, पण पाचोळ्यात बसणारे दुसरेच असते.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत ताप येतो. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी दिसतात, म्हणून डेंग्यूचा घोळ होतो. दर शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात. बाकीचे उठतात, पण अशक्तपणा पुष्कळ दिवस पुरतो. शंभरांत दहा ते वीस जणांना तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप उलटतो आणि मग डोके, मान, कंपवात अशी मेंदूची लक्षणे दिसतात. तेव्हा ताप उतरला म्हणून लगेच कामावर जाऊ नये, हे आम्ही मजुराला सांगतो. आणि मालकांना तर दोनदा सांगतो.

या विषाणूवर रामबाण औषध नाही. हे ऐकून लोक म्हणतात, मग दवाखान्यात जाऊन करायचे काय? येथेच मोठी चूक होते. औषध नाही म्हणूनच जवळचा दवाखाना महत्त्वाचा. अंगातले पाणी टिकवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, रोज रक्त मोजणे आणि गरज पडताच मोठ्या रुग्णालयात पाठवणे, एवढीच चिकित्सा आहे, आणि ती वेळेवर झाली तर माणूस वाचतो. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी मात्र रक्तस्राव वाढण्याची भीती असते, पॅरासिटामॉलवर भागवावे.

तेव्हा जायचे कोठे? आमचा अनुभव असा की, या तापाला मोठ्या नावाच्या डॉक्टरापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्र बरे. तेथे आशाताईला कोणत्या वाडीत माकड मेले ते ठाऊक असते, आणि रक्ताचा नमुना सरकारी वाटेने प्रयोगशाळेत जातो. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणूच शोधतात, पुढे त्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडे शोधतात. म्हणून ताप कोणत्या तारखेला आला ते नीट सांगावे. केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तेथून सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय, पुढे ओरोस, ही सरकारी पायरी. परंतु दोडामार्गच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयच जवळचे वाटत आले आहे. २०१८ च्या आरंभी तेथे परराज्यातील रोग्यांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. राज्याची हद्द नकाशावर असते. तापलेल्या माणसाला ती तिकीटखिडकीशी प्रथम दिसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हंगामभर हाताशी ठेवावे ते याचसाठी.

रोगी दवाखान्यांचे उंबरे झिजवतो आणि रोगाला नाव मिळत नाही, हे आपल्याच नशिबी आहे असे नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाईम नावाचे गाव आहे. तेथल्या पॉली मरे या गृहिणीला आणि तिच्या मुलांना वर्षानुवर्षे सांधेदुखी, पुरळ, ताप. डॉक्टरांनी तिचे दुखणे मनाचे ठरवले. बाईने हार मानली नाही. शेजारपाजारची आजारी माणसे शोधून तिने यादी केली आणि १९७५ साली ती अधिकाऱ्यांपुढे ठेवली. येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी शोध घेतला. रोग गोचिडीचाच निघाला, आणि विली बर्गडॉर्फर यांना त्याचा जंतू १९८१ साली सापडला. यादी करणे हे आमच्याच धंद्यातले काम, म्हणून या बाईविषयी आम्हांला विशेष आदर आहे. मात्र एक सावधगिरी: लाईमचा जंतू जिवाणू आहे, तो डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने मरतो. आपला विषाणू तसा मरत नाही. तरी डॉक्टरांनी ते औषध सुरू केले तर वाद घालू नये. त्यांना स्क्रब टायफसची शंका असू शकते, आणि त्यावर ते चालते.

आमच्या संघटनेनेही पुढच्या हंगामात अशीच यादी केली. प्रत्येक मुकादमाजवळ एक चिठ्ठी: जवळचे आरोग्य केंद्र कोणते, आशाताईचा फोन, आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगायची तीन वाक्ये. मी काजूबागेत काम करतो. बागेत माकड मेले आहे किंवा नाही. ताप अमुक तारखेला आला. याखेरीज अंगाला लावायचे डेपा तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, घरी गेल्यावर गरम पाण्याची आंघोळ. मेलेल्या माकडाला हात न लावता वनरक्षकाला कळवायचे. पूर्वी कर्नाटकात लस देत असत; तिचा गुण पुरेसा येईना म्हणून ती बंद पडली.

राहता राहिला कागद. नुकसानभरपाईच्या कायद्यात १९२३ पासून व्यवसायजन्य रोगांची यादी आहे आणि संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून झालेला रोग त्या यादीत बसतो. पण "ताप" एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर कोणी दमडी देत नाही. रोगाचे नाव असलेला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. मघाच्या बाईला आम्ही त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले, पुढे ती अकरा दिवस रुग्णालयात राहिली आणि बरी झाली. अहवाल हातात पडला तेव्हा ती घरी पडवीत बसून काजू सोलत होती. तो घेऊन आम्ही मालकाकडे गेलो. गृहस्थ भले, चहा दिला, अहवाल दोनदा वाचला आणि अकरा दिवसांपैकी सहा दिवसांची मजुरी मोजून दिली. उरलेल्या पाचांसाठी आम्हांला आणखी तीनदा चहाला जावे लागले.