हेलिकॉप्टर ‘आपोआप’ उडते काय?

आमच्या जळगाव जामोदच्या आकाशात हेलिकॉप्टर घरघरले की लोक एकच तर्क करतात : निवडणूक आली, नाहीतर कुणी मोठा पुढारी आला. पोरे मैदानाकडे धावतात, धूळ उडते, भाषण होते आणि यंत्र निघून जाते. मग पारावर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतो, ‘त्यात संगणक असतो, ते आपोआप उडते, पायलट नुसता बसून राहतो.’ हे कितपत खरे? आपल्या वाचकांनी, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींनी, हे समजून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

विषय केवळ हौसेचा नाही. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने आमच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांची दैना केली. त्याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. पाण्यावर एका जागी थांबून माणसाला दोराने वर ओढून घेणे साध्या विमानाला जमत नाही. ज्या यंत्रावर उद्या गरिबाचाही जीव अवलंबून राहू शकतो, ते यंत्र गरिबाला कळलेच पाहिजे.

दोन हात, दोन पाय

हेलिकॉप्टर चालवताना पायलटचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. डाव्या हाताशी एक दांडा असतो, त्याला ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. तो वर ओढला की डोक्यावर फिरणाऱ्या सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर चढते. खाली केला की उतरते. उजव्या हातात, दोन गुडघ्यांच्या मध्ये, दुसरा दांडा असतो, तो ‘सायक्लिक’. तो ज्या दिशेला कलवावा त्या दिशेला पात्यांचे चक्र झुकते आणि यंत्र तिकडे सरकते. पायाखालचे पेडल शेपटीकडील लहान पंख्यासाठी. वरची पाती एका दिशेने फिरली की खालचे धड उलट्या दिशेने फिरू पाहते. शेपटीचा पंखा त्याला आवरून धरतो.

पायलटच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचते कशी? येथे आपल्या घरातले जाते आठवावे. जात्याचा खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. पात्यांच्या मुळाशी अशाच दोन तबकड्या असतात, त्यांना ‘स्वॅशप्लेट’ म्हणतात. खालची फिरत नाही, वरची पात्यांबरोबर गरगर फिरते, मध्ये बेअरिंग असते. फरक एवढाच की हे जाते वरखाली सरकते आणि तिरपेही होते. खालच्या तबकडीला पायलटकडून येणाऱ्या दांड्या जोडलेल्या असतात आणि वरच्या तबकडीतून प्रत्येक पात्याकडे एकेक दांडी जाते. एवढी जड पाती माणसाच्या बळाने कलणार नाहीत, म्हणून मध्ये तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा जोर लावते.

डवरा आणि संगणक

विमान हवेत थोडे डगमगले तर बहुधा आपल्या बेताने सावरते. एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरचे तसे नाही. तळहातावर काठी उभी धरावी तसे त्याला क्षणोक्षणी सावरावे लागते. तासन्‌तास, रात्रीच्या अंधारात, समुद्रावर हे करताना माणूस थकणारच. म्हणून ‘ऑटोपायलट’ आला.

त्याचे काम आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. कपाशीच्या दोन ओळींमधून डवरा चालवणारा माणूस काय करतो? डवरा कुठे चालला ते पाहतो, ओळ कुठे आहे ते पाहतो, दोहोंत फरक पडला की रुमण्यावर हलका दाब देतो. जास्त दाबले तर दुसऱ्या बाजूचे रोप उखडते, उशीर केला तर या बाजूचे. पाहणे, ताडणे, थोडे सुधारणे, पुन्हा पाहणे. ऑटोपायलट हेच करतो, फक्त सेकंदाला अनेक वेळा.

यंत्र किती कलले, किती वेगाने वळते आहे, हे जायरोस्कोप सांगतात. उंची हवेच्या दाबावरून कळते आणि समुद्रावर खाली रेडिओलहरी सोडून मोजता येते. संगणक ही माहिती पायलटने ठरवून दिलेल्या दिशेशी व उंचीशी ताडून पाहतो आणि दांड्यांच्या मार्गात बसवलेल्या लहान मोटरींना हुकूम देतो.

मात्र या मोटरींचा अधिकार बहुधा मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. संगणक बिघडला तरी पायलटला त्याच्यावर मात करता यावी, हा त्यामागचा विचार. दांड्यावर एक बटण असते, ते दाबले की ऑटोपायलट बाजूला होतो. अनेक यंत्रांत दोन संगणक एकमेकांचे उत्तर तपासत असतात. उत्तरे जुळली नाहीत तर इशारा देऊन काम सोडतात. म्हणजे ऑटोपायलट हा मालक नव्हे, मदतनीस आहे.

एक दांडी, तीन जीव

आता मुंबईच्या समुद्रावर घडलेली गोष्ट पाहू. आपल्या देशात बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले ‘ध्रुव’ हे हेलिकॉप्टर १९९२ साली प्रथम उडाले. त्यात आधुनिक ऑटोपायलट आहे. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे असे एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रावर असताना एकाएकी झपाट्याने खाली येऊ लागले. उंची सांभाळता येईना. सायक्लिक मात्र हातात होते. त्याच्या आधारे पायलटने यंत्र सावरत पाण्यावर उतरवले आणि तिघेही वाचले. नियंत्रण यंत्रणेतला एक भाग निकामी झाल्याचे प्राथमिक चौकशीत दिसले. पुढे ध्रुवमधील ॲल्युमिनियमच्या नियंत्रण दांड्यांच्या जागी पोलादी दांड्या बसवण्यात आल्या.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले, तेव्हा तिघांचे प्राण गेले. तपासात स्वॅशप्लेट तुटल्याचे पुढे आले आणि देशभरातील ध्रुव काही काळ जमिनीवर ठेवावी लागली.

यातून काय शिकायचे? संगणक कितीही हुशार असो, त्याचा हुकूम शेवटी त्याच दांड्यांतून आणि त्याच तबकडीतून पात्यांपर्यंत जातो. धातूला गेलेली चीर संगणक भरून काढू शकत नाही. ती शोधावी लागते माणसाच्या डोळ्याने, भिंग लावून, वेळापत्रकाप्रमाणे, कंटाळा न करता. दांडी घडवणारा कामगार, बोल्ट आवळणारा फिटर आणि ‘तपासले’ म्हणून सही करणारा तंत्रज्ञ, यांच्या प्रामाणिकपणावर हेलिकॉप्टर उडते.

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, कुणी थोर म्हणतो आहे, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखा. हा उपदेश फक्त विहारात ऐकायचा नाही. कारखान्यात, कार्यालयात, हिशेबाच्या वहीत, सगळीकडे तो लागू आहे. न पाहता केलेली सही ही अंधश्रद्धाच होय, मग ती करणारा कितीही शिकलेला असो.

आपल्या मुलांसाठी

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयपुढे मांडलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी मदत मागितली होती. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. यंत्राचे ज्ञान म्हणजे मानाचे काम आणि हक्काची भाकर, हे त्यांनी ओळखले होते.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायन व गणित घेतलेल्या मुलामुलींना विमान देखभालीचा परवाना मिळवून देणारे शिक्षण घेता येते. मुंबईत जुहूला पवनहंसची प्रशिक्षण संस्था आहे. नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात आय.टी.आय. झालेल्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. खाजगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे काय, हे आधी पाहावे. शिष्यवृत्ती लागू होते की नाही, हे समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारावे.

गावात हेलिकॉप्टर उतरते तेव्हा आपली पोरे कुंपणाबाहेर उभी असतात. त्यांच्यापैकी एखादी मुलगी उद्या पाना आणि भिंग घेऊन त्याच्या पात्यांखाली उभी राहावी, दांडी न् दांडी तपासावी आणि तिची सही झाल्याशिवाय ते यंत्र जमिनीवरून हलू नये. त्यासाठी आजच तिच्या गणिताच्या वहीकडे लक्ष द्या.

जयभीम!