डोंगरउतारावरील बांधकाम आणि शाश्वततेचा त्रिविध समतोल : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची संकल्पना मांडली. भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणे, हे तिचे सार होय. पुढे या संकल्पनेचे सामाजिक, पर्यावरणीय व आर्थिक असे तीन आधारस्तंभ मानले जाऊ लागले. बांधकाम उद्योगाच्या संदर्भात या तिन्हींचा विचार बहुधा महानगरांतील उंच इमारतींपुरताच होतो. वास्तविक या समतोलाची खरी कसोटी सह्याद्रीच्या उतारावरील लहानशा घराच्या बाबतीत लागते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या, विशेषतः माळीण गावाच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

या दोन्ही तालुक्यांचे पूर्व व पश्चिम असे दोन स्पष्ट भाग पडतात. पूर्वेकडील नारायणगाव व मंचर हा परिसर सिंचित शेतीचा, बाजारपेठांचा आणि पुणे–नाशिक महामार्गामुळे बांधकामाला वेग आलेला आहे. पश्चिम भाग अतिवृष्टीचा व डोंगराळ असून तेथे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव गावासह अनेक गावांच्या जमिनी गेल्या. खोऱ्यातील सपाट जमीन पाण्याखाली गेल्यामुळे अनेक कुटुंबांचे वरच्या उतारांवरील अवलंबित्व वाढले.

या भागातील पारंपरिक घर कारवीच्या कुडाचे, मातीने लिंपलेले व लाकडी खांबांवर उभे असे. साहित्य जवळच उपलब्ध होते, वजन कमी होते आणि दुरुस्ती घरच्या माणसांना करता येत होती. मात्र पावसाळ्यापूर्वी दरवर्षी डागडुजी करावी लागे आणि आगीचा धोका राही. त्यामुळे पक्क्या घराची आकांक्षा स्वाभाविक आहे. तिला पर्यावरणविरोधी ठरविणे अन्यायाचे होईल. प्रश्न पक्के घर असावे की नसावे हा नसून ते कोठे व कसे असावे, हा आहे.

उतारावरील जमिनीचे स्वरूप

सह्याद्रीचा हा भाग बेसाल्ट खडकाच्या थरांनी बनलेला आहे. कठीण थरांवर व त्यांच्या दरम्यान झीज झालेला मुरूम आणि माती आढळते. सलग अतिवृष्टीत पाणी या मातीत मुरते, तिचे वजन वाढते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो व परस्परांना धरून ठेवण्याची शक्ती घटते. घरासाठी किंवा रस्त्यासाठी उतार कापला की वरच्या भागाचा पायथ्याचा आधार जातो. कापलेली माती खालच्या बाजूस टाकून जागा सपाट केली, तर तो भराव मूळ जमिनीइतका घट्ट नसतो. अशा भरावात पाणी शिरल्यास तो खचतो. म्हणजेच उतारावरील घराची मजबुती केवळ सिमेंट व सळईवर ठरत नाही. घरामागून येणाऱ्या पाण्याला कोणती वाट दिली आहे, यावर ती प्रथम अवलंबून असते.

माळीणचा अनुभव

३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून १५१ व्यक्तींचा मृत्यू झाला. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. त्याचबरोबर जंगलतोड, उतारावरील सपाटीकरण आणि पाण्याच्या निचऱ्याचा अभाव यांचीही चर्चा झाली. ‘पडकई’ म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करणे. ही परस्पर श्रमावर आधारित जुनी पद्धत आहे. हाताने, टप्प्याटप्प्याने केलेली पडकई आणि यंत्राने अल्पावधीत केलेले सपाटीकरण यांतील फरक या दुर्घटनेनंतर ऐरणीवर आला.

पुनर्वसनासाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले. भूकंपरोधक रचनेची पक्की घरे, शाळा व सार्वजनिक सुविधा उभारून एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. तीन वर्षांच्या आत पूर्ण झालेले हे काम प्रशासकीय दृष्ट्या उल्लेखनीय होते. तथापि जून २०१७ च्या पहिल्याच जोरदार पावसात घरांभोवतीचा भराव, पायऱ्या व अंतर्गत रस्ते काही ठिकाणी खचले आणि ग्रामस्थांत पुन्हा भीती पसरली. ज्या कुटुंबांनी आप्त गमावले होते, त्यांच्या दृष्टीने ती केवळ तांत्रिक त्रुटी नव्हती. घराचा सांगाडा सुरक्षित असला तरी त्याखालील व सभोवतालच्या जमिनीविषयी विश्वास नसेल, तर सामाजिक उद्दिष्ट अपूर्णच राहते, हे या प्रसंगाने दाखविले.

त्रिविध समतोलाचे विश्लेषण

आर्थिक बाजू प्रथम पाहू. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये मूळ साहाय्य ठरविण्यात आले. डोंगरवस्तीवर सिमेंट, वाळू व खडी नेण्याचा वाहतूक खर्च अधिक असतो. निधी अपुरा पडला की काटछाट सहसा दिसणाऱ्या भिंतीत होत नाही. संरक्षक भिंत, चर आणि भरावाची दबाई या न दिसणाऱ्या कामांत ती होते. ही बचत पुढे सर्वांत महाग ठरते.

पर्यावरणीय बाजू गावाच्या सीमेपुरती नसते. जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के मानला जातो. वाळूउपशाचा परिणाम नदीपात्रावर व लगतच्या विहिरींवर होतो. जेथे शक्य आहे तेथे स्थानिक दगड, बांबू व दाबलेल्या मातीच्या विटा यांचा वापर केल्यास वाहतूक व सिमेंट दोन्ही कमी होतात.

सामाजिक बाजूत घराचा वापर येतो. गोठा, धान्य साठविण्याची जागा व शेतापर्यंतचे अंतर यांचा विचार आराखड्यात नसेल, तर कुटुंब नवे घर असूनही जुन्या जागेकडे ओढले जाते. बांधकाम कामगार हाही याच बाजूचा घटक होय. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावरील उपकरातून त्यांच्या कल्याणाची तरतूद केली, परंतु नोंदणी नसलेल्या मजुरापर्यंत ती पोहोचत नाही.

उपाययोजना

पहिली गोष्ट म्हणजे जागेची निवड व निचऱ्याचा आराखडा घराच्या नकाशापूर्वी मंजूर व्हावा. दुसरे, वाहतूक व उतारसंरक्षण यांसाठी घरकुलाच्या रकमेव्यतिरिक्त स्वतंत्र तरतूद असावी. तिसरे, नव्या भरावावर किमान एक पावसाळा गेल्यानंतरच, किंवा दबाईची रीतसर चाचणी झाल्यावरच, बांधकाम करावे. चौथे, अनुसूचित क्षेत्रातील गावांत पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेल्या अधिकारांचा उपयोग जागानिवडीसाठी व्हावा. पाणी कोठून उतरते आणि कोणता झरा कधी फुटतो, हे ज्ञान गावातील वडीलधाऱ्यांपाशी असते. भूवैज्ञानिक अहवालाबरोबर त्याची नोंद होणे आवश्यक आहे.

समारोप

माळीणनंतर २०२१ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळीये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. त्यामुळे हा प्रश्न एका गावाचा राहिलेला नाही. शाश्वततेचे तीन घटक समान वाटे करून जुळविता येत नाहीत. त्यांना क्रम आहे. डोंगरउतारावर जमीन व पाणी यांचा विचार प्रथम, त्या आधारे लोकजीवनाला अनुरूप घर आणि या दोहोंना पुरेल असा खर्च, असा तो क्रम होय. हा क्रम उलटा केला, म्हणजे ठरलेल्या रकमेत व ठरलेल्या मुदतीत घर बसविण्याचा प्रयत्न केला, तर पहिलाच पाऊस त्याची परीक्षा घेतो. त्या परीक्षेची किंमत मात्र घरात राहणाऱ्यांनाच मोजावी लागते.